विधान परिषद: वरिष्ठ सभागृह की पडलेल्यांची सोय?

साधा_मतदार: माझं मत सरळ आहे, बरखास्त करा. 78 जागांचा हिशेब बघा. 30 विधानसभेच्या आमदारांच्या मतांवर, 22 स्थानिक स्वराज्य संस्थांमधून, 7 पदवीधर, 7 शिक्षक आणि 12 राज्यपालनियुक्त. अधिकार किती? विधानसभेनं मंजूर केलेलं विधेयक पहिल्या फेरीत तीन महिने अडवता येतं. विधानसभेनं पुन्हा मंजूर केलं की फक्त एक महिना. धन विधेयकाला 14 दिवस. संसदेसारखी संयुक्त बैठकही नाही. मग उरतं काय? पुनर्वसन.

कलम_171: अडवणं हे एकच काम धरलंत, तिथंच गल्लत झाली. रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे याच सभागृहाचे सभापती होते. थेट निवडणुकीच्या खर्चात न टिकणारा माणूस इथे येऊ शकतो.

साधा_मतदार: पागे एक. बाकीचे? साहित्य, विज्ञान, कला, सहकार, समाजसेवा यांसाठीच्या त्या 12 जागा घ्या. नोव्हेंबर 2020 मध्ये मंत्रिमंडळानं नावं पाठवली, राज्यपालांनी निर्णयच दिला नाही, 2022 मध्ये नव्या सरकारनं यादी मागे घेतली. ऑक्टोबर 2024 मध्ये शपथ झाली तीही सातच जणांची. चार वर्षं कुणाचं काही अडलं का?

कलम_171: हा दोष नेमणुकीचा. त्यासाठी मुदत घाला, सभागृह का मोडायचं?

कोटा_तेवीस: घोडेबाजाराचं बोला की! राज्यसभेला आमदार आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवतो, परिषदेला मतदान गुप्त. जुलै 2024 मध्ये 11 जागांना 12 उमेदवार होते, मतदार 274. भागिले 12 (जागा अधिक एक), म्हणजे 22.83; विजयाचा कोटा 23. एक उमेदवार जादा असला की आमदारांची रवानगी हॉटेलात. कोण फुटलं याचा नुसता अंदाज बांधत बसायचं.

जांभळी_शाई: पदवीधर मतदारसंघाकडे मात्र दुर्लक्ष नको. यादी दर वेळी नव्यानं होते. मागच्या वेळी नाव होतं म्हणून गाफील राहिलात तर मत गेलं. नमुना 18 भरायचा, 1 नोव्हेंबरला पदवी मिळून तीन वर्षं झालेली हवीत. केंद्रावर मिळालेल्या जांभळ्या स्केचपेननंच पसंतीचा आकडा लिहायचा. बरोबरची खूण केली, सही केली किंवा दोन नावांपुढे 1 लिहिला की मत बाद. शिकलेल्यांचीच मतं बाद होतात, हे वेगळं सांगायला नको.

साधा_मतदार: म्हणजे मुद्दा माझाच.

कलम_171: बरखास्तीची वाटही बघा. कलम 169 नुसार विधानसभेत एकूण सदस्यांचं बहुमत हवं, म्हणजे आपल्याकडे 145, शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश. त्यानंतर संसदेचा कायदा. आंध्रनं 1985 मध्ये परिषद बंद केली, 2007 मध्ये परत आणली. जानेवारी 2020 मध्ये पुन्हा बरखास्तीचा ठराव केला. परिषदेत आपलं संख्याबळ वाढू लागल्यावर त्याच सरकारनं नोव्हेंबर 2021 मध्ये तो मागे घेतला.