पावसाची सुट्टी, घरात एकच फोन आणि पहिली-दुसरीची पोरं: अभ्यास पाठवायचा कसा?

अतिथी टीचर (खानापूर तालुका, जि. बेळगाव, कर्नाटक)

नमस्कार मंडळी. खानापूरच्या पश्चिम भागातल्या एका सरकारी मराठी कनिष्ठ प्राथमिक शाळेत मी अतिथी शिक्षिका आहे. पहिली ते पाचवी मिळून 19 मुलं, हेडसर आणि मी. हेडसरांचा अर्धा वेळ मिटिंगा आणि ऑनलाइन माहिती भरण्यात जातो, त्यामुळं पहिली ते तिसरीचा नली-कलीचा (तिन्ही इयत्ता एकत्र, कार्डांवरनं खेळत शिकायचा) वर्ग माझ्याच गळ्यात. (तक्रार नाही, मला तोच वर्ग आवडतो.)

जुलै लागला की आमच्याकडं काय होतं ते जांबोटी-कणकुंबी भागातल्यांना सांगायला नको. डीसींची (जिल्हाधिकाऱ्यांची) सुट्टी येते, वाढते, मध्येच एक दिवस शाळा भरते, परत सुट्टी. ओढ्यावरचा पूल पाण्याखाली गेला की सुट्टी नसली तरी पलीकडच्या वाडीची पोरं येत नाहीत ती नाहीतच. बुडालेले दिवस नंतर शनिवारी भरून काढायचे हे आहेच, पण तोवर 'व्हॉट्सॲपवर अभ्यास चालू ठेवा' म्हणून सांगितलंय.

ग्रुप केलाय. अडचण अशी की ग्रुपवरचे निम्मे नंबर बापांचे, आणि बाप गोव्यात. सकाळी दहाला पाठवलेली बेरजेची पीडीएफ मडगावात नाहीतर वेर्ण्यात पोचते. गावात जे फोन आहेत त्यांना लाईट गेली की चार्जिंग नाही, लाईट आली की रेंज गावत नाही. आया रोप लावणीला. संध्याकाळी चिखलात भिजून घरी आलेल्या बाईला मी 'पान नंबर 23 करून घ्या' कुठल्या तोंडानं म्हणू?

परवा एका घरातून वहीचा फोटो आला. दुसरीतल्या पोराची वही, आणि 'क'ला अशी वळणदार शेपटी की माझ्या त्या पठ्ठ्याला सात जन्मात जमणार नाही. थोरली बहीण सहावीत आहे, तिचं अक्षर मी ओळखते. खाली आईनं व्हॉइस मेसेज टाकलेला: "टीचर, झालं बघा सगळं, आता काय बोलू नका त्याला."

तर या वयाच्या मुलांना नक्की काय पाठवायचं, कधी पाठवायचं, आणि ज्यांच्याकडं फोनच नाही त्या चार घरांचं काय करायचं? कन्नडची अडचण वेगळीच. घरात कुणालाच नीट वाचता येत नाही, मग घेणार कोण? कोविडच्या वेळी ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा. मी तेव्हा कॉलेजात होते.

बेळगुंदीकर (सध्या पुणे)

टीचर, गुगल क्लासरूम करा, फ्री आहे. रोज सकाळी अर्धा तास मीटवर घ्यायचं, ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी रेकॉर्डिंग टाकायचं. पुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा ॲपवर स्कॅन केले की व्हिडिओ पण मिळतात.

अतिथी टीचर

दादा, मीटसाठी मलाच देवळामागच्या चढावर जाऊन उभं राहावं लागतंय, तेही छत्री धरून. दीक्षाचे व्हिडिओ शाळेत असताना दाखवते, घरी नाही चालत.

माजी हेडबाई (बेळगाव)

अगं पोरी, आधी ती पीडीएफ बंद कर. गावात प्रिंटर कुणाकडं आहे? बोटभर स्क्रीनवर गणित बघून वहीत उतरवायचं हे सातवीच्या पोराला जमेल, पहिलीच्या नाही.

मी रिटायर व्हायच्या आधीची शेवटची वर्षं कोविडमध्येच गेली. जून 2020 मध्ये सरकारनं आधी पाचवीपर्यंत आणि मग सातवीपर्यंत ऑनलाइन वर्गांवर बंदी घातली, जुलैत हायकोर्टानं तिला स्थगिती दिली. पेपरात सगळं त्याचंच चाललेलं. आमच्या मराठी शाळांना त्या भांडणाचं काय? बंदी उठली तरी आमच्याकडं ऑनलाइन करायला होतं काय?

ऑगस्टमध्ये विद्यागम आलं. पोरं शाळेत येत नाहीत तर मास्तरानं पोरांकडं जायचं. देवळाची ओसरी, समाजमंदिर, कुणाचा तरी गोठ्यापुढचा मांडव, जिथं जागा मिळेल तिथं वठार शाळा, म्हणजे गल्लीतली शाळा. आधी मुलांचे तीन गट पाडायचे: स्मार्टफोन असलेले, साधा फोन असलेले, फोन नसलेले. तो तक्ता भरताना आम्ही वैतागलो होतो, पण त्या निमित्तानं दारोदार गेलो आणि खरी परिस्थिती कळली. एक रकाना मात्र त्यात नव्हता, तो मी माझ्या वहीत आखून घेतला: फोन घरी किती वाजता येतो? एकाच्या घरी सात, एकाच्या घरी साडेआठ, एकीच्या घरी फक्त शनिवारी. तुझी पहिली यादी ही कर. गावातला फोन असेल तर वेळ लिही, गोव्यातला असेल तर बाप रात्री कुणाच्या फोनवर घरी बोलतो ते लिही.

मग रोज एकच निरोप पाठवायचा, तुझ्या आवाजात, दीड-दोन मिनिटांचा, आणि फोन घरी यायच्या सुमाराला. मुलाचं नाव घेऊन बोल. "समर्थ, आज घरात किती माणसं जेवणार? प्रत्येकाला दोन भाकऱ्या तर एकूण किती? आईला थापायच्या आधी सांगून टाक." याला कागद लागत नाही आणि आईचं कामही अडत नाही. आता लावणी चालू आहे तर दशक-एकक तरव्यावर, म्हणजे भाताच्या रोपांवर घे. दहा-दहा काड्यांची एक जुडी बांधायची, उरलेल्या सुट्ट्या. तीन जुड्या आणि चार काड्या म्हणजे किती? शेताच्या बांधावर बसलेलं पोरगं हे करतं, कारण त्याच्या हाताला तेवढंच लागलेलं असतं.

वाचनाला आजी लाव. खरंच सांगते. आमच्याकडं एक आजी होती, अक्षरओळख अजिबात नाही. तिला म्हटलं, पोरगं बोट ठेवून वाचेल, तुम्ही नुसतं ऐका, जिथं अडखळेल तिथं पेन्सिलनं रेघ मारा. तिला वाचता येत नव्हतं, पण अडखळणं तर ऐकू येत होतं ना! आठवड्यानं पुस्तक बघितलं तर जोडाक्षरांखाली रेघाच रेघा. काय घ्यायचं ते मला आयतं कळलं.

सहावीतल्या त्या बहिणीला रागावू नकोस. तिलाच काम दे. सांग की लिहायचं त्यानं, तू फक्त विचारायचं, आणि त्याला न आलेले तीन शब्द मला बोलून पाठवायचे. एकदा तिला 'छोटी टीचर' म्हण, मग बघ ती त्याला लिहू देते की स्वतः लिहिते. पोरालाही सांग, वाकडं अक्षर मला चालतं.

बिनफोनच्या घरांसाठी दूध डेअरी. गावात डेअरी असेल तर रोज सकाळी बहुतेक घरातलं कुणी ना कुणी दूध घालायला जातंच. कापडी पिशवीत नली-कलीची मुलानं एकट्यानं करायची कार्डं, एक पातळ वही आणि पेन्सिलचा तुकडा घालून तिथं ठेवायची. खताच्या पोत्याच्या आतलं प्लास्टिक धुऊन गुंडाळलं की पावसाची भीती नाही. चार दिवसांनी पिशवी परत आली की कार्डं बदलायची. कोविडमध्ये अक्षर दासोहचे (शाळेतल्या दुपारच्या जेवणाचे) तांदूळ-डाळ न्यायला पालक शाळेत यायचे, तेव्हाच आम्ही वह्या बदलून घ्यायचो आणि दोन शब्द बोलायचो. तुला डेअरी चालेल.

आणि कुणी 'एवढासाच अभ्यास?' म्हणालं तर सांग, केंद्र सरकारच्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शक सूचना आल्या जुलै 2020 मध्ये. त्यात पहिली ते आठवीला दिवसाला 30 ते 45 मिनिटांची दोनच सत्रं, त्याहून जास्त नको असं लिहिलंय. तेही लाईट आणि रेंज असलेल्या घरांसाठी.

विद्यागम ऑक्टोबरमध्ये थांबलं, मास्तर आणि पोरं आजारी पडायला लागल्यावर. पहिली ते पाचवीची दारं उघडली ती थेट 25 ऑक्टोबर 2021 ला. मार्च 2020 मध्ये पहिलीत असलेलं पोर माझ्यापुढं तिसरीत येऊन बसलं. ज्यांच्या घरी कुणी ना कुणी रोज बोलत होतं, ऐकत होतं ती पोरं दिवाळीनंतर लवकर रुळली. ज्यांच्या घरी नुसते फोटो काढून पाठवण्याचं काम झालं होतं त्यांना मुळाक्षरापासून धरावं लागलं. तुझी सुट्टी आठ-पंधरा दिवसांची, त्यामुळं एवढी घाबरू नकोस.

वेर्ण्यातला बाबा

टीचर, मी त्याच गोव्यातल्या बापांपैकी एक. गाव तुमच्याच पट्ट्यातलं. एक विनंती, आम्हाला ग्रुपमधून काढू नका.

माझी पोरगी तिसरीत आहे. घरात साधा फोन. पूर्वी रात्री फोन केला की मी "जेवलीस काय, आईला त्रास देऊ नको" एवढंच बोलायचो आणि ती "हं" म्हणून आईकडं द्यायची. नंतर तिच्या सरांनी सुचवलं म्हणून कर्नाटक पाठ्यपुस्तक संघाच्या वेबसाइटवरनं तिसरीचं मराठीचं पुस्तक फोनवर उतरवून घेतलं, फुकट मिळतंय. आता ती तिकडं पुस्तक उघडते, मी इकडं खोलीत तेच पान काढतो. ती वाचते, मी पानावर बघत ऐकतो. चुकली की थांबवतो. खोलीतले जोडीदार आधी हसायचे, आता एकजण आपल्या पोराला पण असंच घेतोय.

शिफ्ट बदलली की वेळ चुकतो. पण टीचरनं "आज पान 31 घ्या" एवढं मला लिहून टाकलं की बास होतंय. पीडीएफ-बिडीएफ नको, पान नंबर पाठवा.

मागावरची आई (वडगाव, बेळगाव)

आमच्या घरात यंत्रमाग. सकाळी आठपासून खडखडाट, व्हिडिओचं ओ की ठो ऐकू येत नाही. कोविडात सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली लागायची, पहिली ते आठवीसाठी, मराठीत. पोरीच्या पुस्तकातलं नसायचं, आपलं पुस्तक कर्नाटकचं ना, पण त्यात घरातल्या वस्तू घेऊन करायचं काहीतरी असायचं, ते तिला आवडायचं. ती लागली की मी माग बंद ठेवायची. नवरा कुरकुरायचा, कापडाचं मीटर कमी पडलं म्हणून.

टीचर, एक सांगू का? मुलीच्या तेव्हाच्या शाळेत ग्रुपवर रोज रात्री 'अभ्यास न पाठवलेल्यांची नावे' यायची. आमचं नाव असायचंच. सगळ्या गल्लीला दिसायचं. मी तो ग्रुप बघायचाच बंद केला, मग कामाचा निरोप आला तरी कळायचा नाही. तेवढं करू नका. कुणाचं राहिलं असेल तर त्या आईला वेगळा फोन करा, आणि पहिलं वाक्य अभ्यासाचं नको.

कन्नडचं म्हणाल तर आमच्या शेजारी कन्नड बोलणारं विणकराचंच घर आहे. त्यांची पोरगी आमच्याकडं गणिताला यायची, माझी तिच्याकडं कन्नडला जायची. पैसे नाही काही नाही, सणाला पोळीचं ताट इकडून तिकडं. तुमच्या जंगलातल्या गावात असं घर मिळेल की नाही ते मात्र तुम्हीच बघा.

अतिथी टीचर

बाई, ताई, दादा, काय बोलू! काल संध्याकाळी छत्री घेऊन जवळच्या सात-आठ घरांत जाऊन आले. फोनच्या वेळा लिहून घेतल्या. एका घरात फोन रात्री नऊनंतर येतो आणि तोवर पोरगं झोपलेलं असतं, त्याला डेअरीच्या पिशवीत टाकलं. समर्थ नावाचा कुणी नाही आमच्यात, पण भाकऱ्यांचा निरोप सगळ्यांना गेला. एका आईचं उत्तर आलं, "टीचर, आमच्यात तांदळाच्या भाकऱ्या, आणि मोजून कोण खातंय?" पोरगीनं पुढं स्वतःच बोलून टाकलं, "आजोबा तीन खातात, मग अकरा."

वेर्ण्याच्या बाबांसारखे पाच बाप माझ्या ग्रुपवर आहेत. त्यांचा वेगळा गट केलाय, त्यात फक्त पान नंबर टाकते.

बाई, दोन गोष्टी राहिल्या. कन्नड बोलणारं घर गावात एकही नाही. आणि हेडसरांना रोजचा रिपोर्ट द्यायचाय, त्यात फोटोच लागतात म्हणे.

माजी हेडबाई (बेळगाव)

कन्नडला पहिली-दुसरीत अक्षराच्या मागं लागू नकोस. तुझ्या आवाजात रोज दोन वाक्यं पाठव, एक विचारायचं, एक उत्तराचं, 'निन्न हेसरु एनु' इथपासून. पोरांनी एकमेकांना विचारायची. तिसरीच्यांना नंदिनी दुधाची रिकामी पिशवी, नाहीतर बिस्किटाचा, मिठाचा पुडा, ज्यावर कन्नड छापलेलं असेल तो शोधायला लाव. ओळखीची अक्षरं कापून वहीत चिकटवायची. पाऊस उघडला की बसच्या पाट्या आहेतच.

रिपोर्टला फोटो हवेत तर कार्डांच्या पिशवीचा दे, आजीच्या रेघांच्या पानाचा दे. खाली तारीख टाक आणि कुणाशी बोललीस ते लिही. हेडसरांना आधी सांगून ठेव म्हणजे ते वर काय ते बघून घेतील. आणि डेअरीवाल्याला विचारून घे, पूल बुडाल्यावर टेंपो येत नसेल तर डेअरी उघडते का. नसेल उघडत तर पिशव्या अंगणवाडीत ठेव.