पोस्टग्रेस १७ सोर्सपासून बांधताना अडचण: आयसीयू सापडत नाही, मेक शेवटी थांबतं

ग्रंथसूची_इंदूर

नमस्कार मंडळी. इंदूरमधल्या एका मराठी ग्रंथालयाची सूची संगणकावर घेतोय. शीर्षक, लेखक, विषय सगळं मराठीत. मशीन जुनं आहे: दोन कोअर, ४ जीबी रॅम, उबुंटू २४.०४. उबुंटूच्या ॲप्टमधून पोस्टग्रेस (डेटाबेस) १६ मिळतं, आम्हाला १७ हवं, म्हणून टारबॉल (सोर्सची गठ्ठा फाइल) उतरवून बांधायला घेतलं.

कॉन्फिगर (बांधण्याआधी मशीन तपासणारी स्क्रिप्ट) चालवल्यावर पहिला एरर 'आयसीयू लायब्ररी नॉट फाउंड'. आयसीयू म्हणजे वेगवेगळ्या भाषांचे वर्णक्रम सांभाळणारी लायब्ररी. लिबआयसीयू-डेव्ह तर आधीच टाकलेलं होतं. त्या मेसेजच्या शेवटी '--विदाउट-आयसीयू' वापरा असं लिहिलंय, म्हणून ते दिलं. पुढे 'बायसन नॉट फाउंड' आलं. बायसन आणि फ्लेक्स टाकले. मग रीडलाइन (टाइप केलेल्या ओळी सांभाळणारी लायब्ररी) अडलं, तिथेही '--विदाउट-रीडलाइन' देऊन पुढे गेलो. कॉन्फिगर पार पडलं. त्यानंतर 'मेक -जे४ वर्ल्ड' दिलं. बराच वेळ चाललं आणि शेवटी हे:

मेक[३]: * एरर १
मेक: * एरर २

मध्येमध्ये 'क्लॉक स्क्यू डिटेक्टेड' अशी वॉर्निंगही दिसते. रॅम कमी पडतेय का? की जीसीसीची आवृत्ती बदलायला हवी?

लष्कर_ग्वाल्हेर

दादा, जीसीसीला तूर्त हात लावू नका. उबुंटू २४.०४ वर जीसीसी १३ येतं आणि पोस्टग्रेस १७ त्यावर व्यवस्थित बांधलं जातं.

तुम्ही दिलेल्या दोन ओळींतून काहीच कळत नाही. 'एरर २' म्हणजे आतल्या फोल्डरमधलं मेक फसलं, एवढंच बाहेरचं मेक सांगतंय. खरा एरर त्याच्या वर कुठेतरी असतो, आणि -जे४ दिल्यावर चार कामांचं आउटपुट एकमेकांत मिसळतं, त्यामुळे तो शंभर ओळी वरही सापडू शकतो. एकाच जॉबवर पुन्हा चालवा आणि सगळं फाइलीत घ्या (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर रोमन अक्षरांतच टाका):

मेक -जे१ वर्ल्ड २>&१ | टी बिल्ड.लॉग
ग्रेप -एन -आय 'एरर' बिल्ड.लॉग | हेड

फाइलींच्या नावांतही 'एरर' हा शब्द येतो, त्या ओळी सोडून द्या. पहिला खरा एरर आणि त्याच्या वरच्या पाच ओळी इथे टाका.

आता आयसीयूबद्दल, कारण तुमच्या कामात हीच सगळ्यात मोठी चूक झाली आहे. आवृत्ती १६ पासून आयसीयू मुळातच चालू धरलेलं असतं आणि कॉन्फिगर ते पीकेजी-कॉन्फिगला (कुठली लायब्ररी कुठे आहे ते सांगणारं साधन) विचारून शोधतं. पीकेजी-कॉन्फिग मशीनवर नसेल, तर लिबआयसीयू-डेव्ह असूनही 'सापडलं नाही' हाच मेसेज येतो. तुमच्याकडे बहुधा तेच झालंय. खात्री करायची तर कॉन्फिग.लॉग उघडा आणि 'आयसीयू' शोधा, नेमकं काय विचारलं आणि काय उत्तर आलं ते तिथे असतं. कॉन्फिगरचा कुठलाही एरर आला की आधी ही फाइल बघायची. टर्मिनलवर दिसतो तो नुसता निकाल, कारण लॉगमध्ये असतं.

सुडो ॲप्ट इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल पीकेजी-कॉन्फिग लिबआयसीयू-डेव्ह लिबरीडलाइन-डेव्ह झेडलिब१जी-डेव्ह बायसन फ्लेक्स पर्ल

एवढं टाकल्यावर दोन्ही '--विदाउट' काढून टाका. रीडलाइन नसलेल्या पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसला टर्मिनलवरून कमांड द्यायचा प्रोग्राम) वरचा बाण दाबला की मागची कमांड येण्याऐवजी '^[[ए' असली अक्षरं उमटतात. ते एक वेळ चालवून घेता येईल. आयसीयू मात्र मराठी सूचीचा वर्णक्रम नीट लागायला लागणारच.

मेकफाइल

बायसन-फ्लेक्सचं कारण जोडतो, कारण जुन्या सूचना वाचून अनेक जण इथे अडकतात. आवृत्ती १६ पर्यंतच्या टारबॉलमध्ये बायसन, फ्लेक्स आणि पर्लने तयार केलेल्या फाइली आधीच घातलेल्या असत, त्यामुळे ती साधनं नसली तरी काम व्हायचं. १७ पासून त्या टारबॉलमध्ये नसतात. बायसन २.३, फ्लेक्स २.५.३५ आणि पर्ल ५.१४ किंवा त्यापुढचं लागतं. उबुंटू २४.०४ वरच्या तिन्ही आवृत्त्या याच्या बऱ्याच पुढे आहेत.

रेड हॅट किंवा फेडोरावर करणाऱ्यांनी नावं बदलून घ्यावीत: रीडलाइन-डेव्हल, झेडलिब-डेव्हल, लिबआयसीयू-डेव्हल. नुसती 'रीडलाइन' किंवा 'झेडलिब' पॅकेजं असून भागत नाही. प्रोग्राम चालायला .एसओ फाइल पुरते, पण कंपाइल करायला हेडर फाइली लागतात आणि त्या -डेव्ह किंवा -डेव्हल पॅकेजात असतात. 'पीएसक्यूएल तर चालतंय, मग रीडलाइन का सापडत नाही' याचं उत्तर हेच.

कॉन्फिगरचे पर्याय बदलल्यावर थेट मेक करू नका. आधी 'मेक डिस्टक्लीन', मग कॉन्फिगर, मग मेक. नाहीतर आयसीयूशिवाय कंपाइल होऊन बनलेल्या जुन्या .ओ फाइली नव्यांत मिसळतात आणि लिंक करताना 'अनडिफाइन्ड रेफरन्स' असे एरर येतात, ज्यांचा मूळ कारणाशी काही संबंध दिसत नाही.

ग्रंथसूची_इंदूर

आभार. पीकेजी-कॉन्फिग खरंच नव्हतं. ते टाकल्यावर कॉन्फिगर कुठलाही '--विदाउट' न देता पार पडलं. मेकमधला पहिला एरर हा:

एरर: 'एक्सएमएललिंट' इज मिसिंग ऑन युअर सिस्टिम.

त्याच्या वर डॉक/एसआरसी/एसजीएमएल असं फोल्डर दिसतंय. क्लॉक स्क्यू अजून आहेच. 'डेट' दिलं तर २०१५ सालची तारीख येते.

लष्कर_ग्वाल्हेर

म्हणजे अडचण डेटाबेसच्या कोडमध्ये नाही, अडलंय ते दस्तऐवजांवर. 'वर्ल्ड' म्हटलं की सर्व्हर, कॉन्ट्रिब (सोबतची जोड) मॉड्यूल्स आणि मॅन्युअल असं तिन्ही बांधायला घेतलं जातं. मॅन्युअलसाठी एक्सएमएललिंट, एक्सएसएलटीप्रॉक आणि डॉकबुकच्या फाइली लागतात. तुम्हाला मॅन्युअल नको असेल तर आवृत्ती १४ पासून यासाठी वेगळं टार्गेट आहे:

मेक -जे२ वर्ल्ड-बिन
सुडो मेक इन्स्टॉल-वर्ल्ड-बिन

मॅन्युअल हवंच असेल तर लिबएक्सएमएल२-युटिल्स, एक्सएसएलटीप्रॉक, डॉकबुक-एक्सएमएल आणि डॉकबुक-एक्सएसएल टाका. दोन कोअर आहेत, तेव्हा -जे२ पुरे.

घड्याळाचं आत्ताच नीट करा. मेक फक्त फाइलींच्या वेळा बघतं: सोर्स नवी आणि .ओ जुनी, तर पुन्हा कंपाइल. टारबॉलमधल्या फाइलींवर त्यांची स्वतःची तारीख असते. मशीन २०१५ मध्ये असेल तर त्या सगळ्या 'भविष्यातल्या' ठरतात आणि आत्ता बनलेली .ओ फाइलसुद्धा जुनी वाटते. मग मेक तेच ते पुन्हा बांधतं. उलट, बांधणं चालू असताना मध्येच नेटवरून घड्याळ दुरुस्त झालं, तर अर्ध्या फाइली २०१५ च्या आणि अर्ध्या आजच्या राहतात. ते बिल्ड विश्वासाचं नाही.

मशीन बंद करून चालू केल्यावर तारीख मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल संपलाय. सीआर२०३२, ३ व्होल्टचा. जेल रोडला कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळेल. प्लग काढून सेल बदला, अधिक चिन्हाची बाजू वर. मग 'सुडो टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू' द्या, 'डेट' तपासा, जुनं फोल्डर पूर्ण काढून टारबॉल नव्याने सोडवा.

सयाजीगंज_वडोदरा

सोडवताना जागाही बघा. फोल्डरच्या मार्गात रिकामी जागा असलेलं नाव ('नवा फोल्डर' वगैरे) नको, मेक त्या जागेवर मार्ग तोडतं. पेनड्राइव्हवरही नको: तो 'नोएक्झेक' (त्यावरून प्रोग्राम चालवायला मनाई) असा माउंट झाला असेल तर ./कॉन्फिगर लगेच 'परमिशन डिनाइड' म्हणतं. होम फोल्डरमध्ये साधं 'एसआरसी' करून त्यात सोडवा.

रॅमबद्दल विचारलंय म्हणून सांगते. पोस्टग्रेस सी भाषेत आहे, एका फाइलीला फार मेमरी लागत नाही, ४ जीबीत निभतं. मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी याच मशीनवर बांधायला घेतलंत तर मात्र त्रास होईल. तो कोड सी++ चा, एकेका कंपाइलर प्रोसेसला १ जीबीच्या पुढेही लागू शकते. तेव्हा 'किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्राम सीसी१प्लस' असा एरर येतो. कोडमध्ये चूक नसते, कर्नलने मेमरी संपली म्हणून प्रोसेस मारलेली असते. 'सुडो डीमेसेज | ग्रेप -आय किल्ड' मध्ये त्याची नोंद सापडते. उपाय: -जे१ आणि ४ जीबीची स्वॅप फाइल (रॅम भरली की वापरायची डिस्कवरची जागा).

सुडो फॉलोकेट -एल ४जी /स्वॅपफाइल
सुडो सीएचमॉड ६०० /स्वॅपफाइल
सुडो एमकेस्वॅप /स्वॅपफाइल
सुडो स्वॅपऑन /स्वॅपफाइल

मेकफाइल

जीसीसीचा प्रश्न इथे लागू नाही, पण धागा वाचणाऱ्या इतरांसाठी. फेडोरा ४२ वर जीसीसी १५ आहे आणि ते मुळात सी२३ (सी भाषेचं नवं मानक) धरून चालतं. त्यात 'बूल' हा भाषेचा राखीव शब्द झाला, आणि रिकाम्या कंसाचं फंक्शन म्हणजे 'एकही आर्ग्युमेंट नाही' असा अर्थ झाला. जुन्या पोस्टग्रेसचा किंवा जुन्या एक्स्टेन्शनचा कोड तिथे अडतो. कोडला हात न लावता कॉन्फिगरला हे द्या:

./कॉन्फिगर सीफ्लॅग्ज='-ओ२ -एसटीडी=जीएनयू१७'

-ओ२ विसरू नका. सीफ्लॅग्ज स्वतः दिलं की कॉन्फिगर आपलं -ओ२ घालत नाही, आणि ऑप्टिमायझेशन नसलेला सर्व्हर तयार होतो. -वेरर (वॉर्निंगलाही एरर मानणारा पर्याय) इथे देऊ नका, त्याने कॉन्फिगरच्या आतल्या चाचण्याच चुकीचा निकाल देतात.

आणि दादा, ठरावीक पर्यायच हवे असतील तर सोर्सचा खटाटोप ठीक. नुसतं १७ हवं असेल तर पोस्टग्रेसच्या स्वतःच्या ॲप्ट रिपॉझिटरीत उबुंटू २४.०४ साठी ते तयार मिळतं, आयसीयूसकट.

ग्रंथसूची_इंदूर

सेल बदलला, तारीख बरोबर आहे, वर्ल्ड-बिन एकही एरर न येता बांधलं आणि बसलं. पण 'पीएसक्यूएल --व्हर्जन' अजून १६ दाखवतं. आणि आयसीयू खरंच आलं का, ते कसं तपासू?

लष्कर_ग्वाल्हेर

१६ हे ॲप्टमधलं. तुमचं /युएसआर/लोकल/पीजीएसक्यूएल/बिन मध्ये आहे, ते पाथमध्ये (टर्मिनल प्रोग्राम जिथे शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत) सगळ्यात पुढे घाला. पुढे एखादं एक्स्टेन्शन बांधाल तेव्हाही 'व्हिच पीजी_कॉन्फिग' आधी बघा (पोस्टग्रेसचे हेडर कुठे आहेत ते एक्स्टेन्शनला हाच प्रोग्राम सांगतो). चुकीचं पीजी_कॉन्फिग सापडलं तर एक्स्टेन्शन १६ च्या हेडरवर बांधलं जातं आणि १७ ते उचलत नाही. १६ चा सर्व्हर चालू असेल तर तो ५४३२ पोर्ट धरून बसलेला असेल, तो आधी थांबवा.

मग वेगळ्या युजरने (रूटने इनिटडीबी चालतच नाही) क्लस्टर (सर्व्हरचं डेटा-फोल्डर) तयार करा:

इनिटडीबी -डी डेटा-फोल्डर --एन्कोडिंग=यूटीएफ८ --लोकेल-प्रोव्हायडर=आयसीयू --आयसीयू-लोकेल=एमआर

आयसीयूशिवाय बांधलेलं असेल तर इथेच एरर येईल. सर्व्हर सुरू केल्यावर एका तक्त्यात पाच शब्द घाला: ज्ञान, हरी, क्षमा, कमल, जग. आधी कोलेट (क्रम लावण्याचा नियम) "सी" देऊन क्रम लावा. कमल, क्षमा, जग, ज्ञान, हरी असं येईल, कारण तिथे नुसते कोड बघितले जातात आणि क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष. मग कोलेट "एमआर-एक्स-आयसीयू" देऊन लावा: कमल, जग, हरी, क्षमा, ज्ञान. ळ सुद्धा ह नंतर जातो, वर्णमालेत आहे तसा. ग्रंथालयाच्या कपाटात पुस्तकं याच क्रमाने लावलेली असतील.