'वोक अप टू फाइंड' म्हणजे बघायला उठला? हे 'टू' 'साठी' कधी असतं आणि कधी नसतं

सबटायटलवाली
नमस्कार मंडळी, मी घरून सबटायटलची कामं करते, इंग्रजीतून मराठी, वर्ष होईल आता. परवा एक वाक्य आलं, 'ही वोक अप टू फाइंड हिज वॉलेट गॉन'. रात्रीचा एक वाजलेला, डोळे मिटत होते, ठोकून दिलं 'पाकीट गेलेलं बघायला तो जागा झाला'. फाइल परत आली, त्या ओळीशेजारी नुसता हसून रडणारा इमोजी. नवरा म्हणतो तुझा हीरो काय ज्योतिषी आहे का, झोपेतच कळलं त्याला.

हसू येतं पण घोळ खरा आहे. शाळेत शिकवलेलं की टू आणि पुढे क्रियापद आलं की 'साठी' नाहीतर 'यला' लावून मोकळं व्हायचं. 'ही गॉट अप टू क्लोज द विंडो', खिडकी लावायला उठला, छान बसतं. मग वोक अपला काय झालं? दोन्हीकडे उठणंच आहे ना. आणि हे अप, आउट, ऑन शेपूट लागलेली क्रियापदं आली की माझी पारच विकेट, टर्न आउट टू, गो ऑन टू, सेट आउट टू, लुक फॉरवर्ड टू... कुठलं टू कशाला चिकटलंय तेच कळत नाही. ओळखायची काही खूण आहे का? व्याख्या नकोत प्लीज.

खडूवाला
ताई व्याख्या नाही देत, युक्ती देतो, माझ्या दहावीच्या पोरांना हीच देतो. टूच्या आधी 'इन ऑर्डर' घुसवून बघायचं. 'गॉट अप इन ऑर्डर टू क्लोज द विंडो', वाक्य जरा सुटाबुटातलं झालं पण अर्थ तोच, म्हणजे 'यला' लावा बिनधास्त. 'स्टेप्ड आउट टू टेक अ कॉल', 'पुल्ड ओव्हर टू चेक द टायर', 'ड्रॉप्ड बाय टू से हॅलो' सगळी याच जातीची. आता 'वोक अप इन ऑर्डर टू फाइंड हिज वॉलेट गॉन' म्हणून बघा, तुमच्या मिस्टरांचा ज्योतिषी हजर. तिथे हेतू नाहीच, उठल्यावर काय दिसलं ते आहे. 'ग्र्यू अप टू बी अ डॉक्टर' पण तसंच, मोठं होऊन डॉक्टर झाला, डॉक्टर व्हायला कोणी वाढत नाही (हल्ली काही घरांत वाढवतात, तो वेगळा विषय).

टर्न आउट टू बीला तर आपल्याकडे तयार शब्द आहे, 'निघाला'. वरून छान दिसलेला आंबा नासका निघाला, भला वाटलेला माणूस भामटा निघाला. तिथे साठीबिठी काही नाही.

लुक फॉरवर्ड टू मधलं टू या भानगडीतलं नाहीच, ते शब्दयोगी अव्यय आहे. पुढे नाम टाकून बघा, 'लुकिंग फॉरवर्ड टू दिवाळी' चालतं, म्हणून क्रियापद आलं तर आयएनजी लावून, 'टू मीटिंग यू'. ऑफिसच्या मेलमध्ये 'टू मीट यू' लिहिणारे शेकड्यांनी भेटतील. 'गेट अराउंड टू' पण तसंच, 'आय नेव्हर गॉट अराउंड टू फिक्सिंग द टॅप', नळाला हात लावायला मुहूर्तच मिळाला नाही.

तुमन्तप्रेमी
मास्तरांची युक्ती भारी पण ती इंग्रजीच्या बाजूने झाली, ताईंना मराठी लिहायचंय. ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलेलं त्यांना आठवत असेल, तुमन्त आणि त्वान्त, द्रष्टुम् म्हणजे बघायला आणि दृष्ट्वा म्हणजे बघून, मार्कांसाठी पाठ केलं आणि विसरलो. पण इथे तेच कामाला येतंय. इंग्रजी एकाच टूमध्ये दोन कामं उरकतं, आपल्याकडे दोन वेगळे प्रत्यय. हेतू असेल तर टूच्या पुढच्या क्रियापदाला 'यला', खिडकी लावायला उठला. परिणाम असेल तर प्रत्यय उडी मारून आधीच्या क्रियापदावर जातो आणि 'ऊन' होतो. उठून बघतो तर काय, पाकीट गायब! हेच तुमचं वाक्य ताई, 'तर काय' सकट. वोक अप टू फाइंड मधला तो दचका आपल्याकडे 'तर काय'मध्येच आहे, नुसतं 'उठल्यावर त्याला आढळलं' लिहिलं तर पोलिस पंचनामा वाटतो.

ताकभात
+१, आणि गो ऑन टू पण याच 'ऊन'वाल्या गटात. १९८३, टनब्रिज वेल्स, झिम्बाब्वेविरुद्ध आपले ९ वर ४ असताना कपिल आला, मग १७ वर ५ झाले, तरी त्याने नाबाद १७५ केले, इंग्रजीत लिहितात 'इंडिया वेंट ऑन टू विन द वर्ल्ड कप'. म्हणजे पुढे जाऊन कप जिंकला. जिंकायला पुढे गेले असं नाही. १७ वर ५ असताना कपचा विचार कोण करतंय हो. आणि 'वेंट ऑन टॉकिंग' म्हणजे बोलतच राहिला, 'वेंट ऑन टू टॉक अबाउट हिज मदर' म्हणजे आधी दुसरं काहीतरी बोलला आणि मग आईवर आला. एका टूने केवढा फरक.

मास्तर, सेट आउटला मात्र तुमची युक्ती अडखळते बरं का. 'गांधीजी सेट आउट फ्रॉम साबरमती टू ब्रेक द सॉल्ट लॉ', १२ मार्च १९३०, इथे ते खरंच चालत निघाले, कायदा मोडायला निघाले, इन ऑर्डर मस्त बसतं. पण मधलं 'फ्रॉम साबरमती' काढा, 'सेट आउट टू ब्रेक द लॉ', आता कोणी घरातून पाऊलही टाकलं नसेल तरी चालतं, नुसतं मनाशी ठरवलं, चंग बांधला.

खडूवाला
मान्य, सेट आउटला माझी पोरंही अडकतात. तिथे खरोखर निघालाय की ठरवलंय ते मागची चार वाक्यं वाचूनच ठरवावं लागतं. गंमत म्हणजे मराठी 'निघाला' दोन्हीकडे चालून जातं, 'जग बदलायला निघालाय' म्हणताना कुठे कोणी चप्पल घातलेली असते.

लेस्टरवाला
इकडे इंग्लंडमध्ये बरीच वर्षं झाली, दोन गोष्टी कानाला लागल्यात. एक, आपले लोक 'साठी'ला फॉर धरतात आणि 'आय केम फॉर मीट यू' नाहीतर 'फॉर टू मीट यू' म्हणतात, मीही म्हणायचो. फॉर आयएनजी हे वस्तू कशाच्या कामाची ते सांगायला, 'अ नाइफ फॉर कटिंग ब्रेड'. माणूस कशाला आला ते सांगायला नुसतं टू.

दुसरं, हे लोक बोलताना टू ऐवजी अँड टाकतात, 'पॉप इन अँड सी अस'. भविष्यातल्या गोष्टीला चालतं पण भूतकाळात अर्थ बदलतो. 'वेंट टू सी हिम बट ही वॉज आउट' ठीक, 'वेंट अँड सॉ हिम बट ही वॉज आउट' म्हटलं की समोरचा बघत राहतो. वरच्या तुमन्तवाल्यांचंच झालं हे, भेटायला गेलो पण भेटला नाही चालतं, भेटून आलो पण भेटला नाही कसं चालेल.

सबटायटलवाली
अरे देवा, किती दिलंत! 'तर काय' वाचून खरंच डोक्याला हात लावला, रोज बोलते मी हे. अजून एक विचारू का, मुलीच्या वहीत 'ही टुक ऑफ हिज ग्लासेस टू वाइप' लिहिलंय त्यावर बाईंचा लाल गोल आहे, का ते नाही लिहिलं. आणि 'बाळ उठू नये म्हणून हळूच बाहेर पडली' हे तिला इंग्रजीत करायचंय, 'टिपटोड आउट नॉट टू वेक द बेबी' बरोबर का?

खडूवाला
पहिल्यात शेवटी 'देम' हवं, 'टू वाइप देम'. आपण 'चष्मा काढला पुसायला' म्हणतो, काय पुसायला ते परत सांगत नाही, इंग्रजीला सांगावं लागतं. आणि ग्लासेसच्या जागी देम आलं तर ते मध्येच बसणार, 'टुक देम ऑफ टू वाइप देम', 'टुक ऑफ देम' नाही. दुसऱ्यात नुसतं नॉट टू लंगडं पडतं, 'सो ॲज नॉट टू वेक द बेबी' करा. 'बी केअरफुल नॉट टू' मात्र चालतं, तिथे हेतू नाही, कशाची काळजी घ्यायची ते आहे.

सबटायटलवाली
लिहून घेतलं. 'उठून बघतो तर काय, पाकीट गायब' पाठवलंय आत्ताच. ओळीला अक्षरांची मर्यादा असते, त्यात दोन अक्षरं जास्त होतायत, 'काय' काढायला सांगतील बहुतेक. नाही काढणार.