गाडीच्या डिकीत काय ठेवावं? बडोदेकरांचे अनुभव

पावसाळा तोंडावर आला की आमच्या सोसायटीत एकच विषय निघतो: गाडी कुठे लावायची आणि डिकीत काय ठेवायचं. गाडीच्या नावाखाली बाजारात इतक्या वस्तू आल्यात की त्यातली कामाची कोणती हे वापरणाऱ्यालाच विचारावं लागतं. म्हणून हा धागा. स्वतः वापरलेली वस्तू सांगा, आणि बडोद्याच्या उन्हात, पाण्यात ती कशी टिकली ते सांगा. पुण्या-मुंबईच्या तयार याद्या नकोत. तिथे नदीतली मगर पार्किंगमध्ये येत नाही.

सुरुवात मी करतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा हवेचा पंप. अहमदाबाद एक्सप्रेसवेवर वरचेवर जाणं असेल तर ही पहिली खरेदी. हवा कमी असलेला टायर वेगात सारखा दबत-उठत राहतो, त्यातून तापतो, आणि मे महिन्यातल्या रस्त्यावर तो फुटायला तेवढं निमित्त पुरतं. किती हवा भरायची तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. टायरवर कोरलेला आकडा ही कमाल मर्यादा, तो भरायचा आकडा नव्हे. हे पंपावरच्या पोराला दर वेळी सांगावं लागतं. हवा मोजायची सकाळी, गाडी हलवायच्या आधी. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की दाब साधारण १ पीएसआयने चढतो, त्यामुळे दुपारी मोजलेला आकडा फुगलेला येतो. स्वस्त पंपाचा स्वतःचा काटा एक-दोन पीएसआय इकडेतिकडे असतोच, म्हणून वेगळा प्रेशर गेज ठेवा. नायट्रोजनचे पैसे मी देत नाही. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

आता तुमचं येऊ द्या.

समा, तळमजल्याचं पार्किंग

आमच्याकडचं सगळं शहाणपण पाण्याने शिकवलंय. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात जवळजवळ ५०० मिलिमीटर पाऊस झाला, तो सगळ्यांना आठवत असेल. ऑगस्ट २०२४ ला तर विश्वामित्री नदी काळ्या घोड्याच्या पुलापाशी २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कितीतरी वर गेली. वर आजवा धरणाचं पाणी सुटतं आणि खाली आमच्या सोसायटीत गाड्या भिजतात, हे गणित पाठ झालंय.

माझ्या लेखी सगळ्यात मोलाचं हत्यार म्हणजे दहा नंबरचा पाना. हसू नका. बहुतेक गाड्यांच्या बॅटरीच्या टर्मिनलचा नट दहाचाच असतो. पाणी चढणार असं दिसलं आणि गाडी हलवायला जागाच उरली नाही, तर निगेटिव्ह टर्मिनल आधी सोडवून ठेवायचं. वायरिंगमध्ये पाणी शिरलं तरी करंट नसल्याने कनेक्टर आणि कंट्रोल युनिट वाचायची शक्यता बरीच वाढते. स्टिरिओचं सेटिंग जातं, जाऊ दे.

दुसरी गोष्ट विकत मिळत नाही: चावी न फिरवण्याचा संयम. पाणी ओसरलं की प्रत्येकाला गाडी चालू होते का ते बघायची घाई. आमच्या शेजाऱ्यांनी स्टार्टर मारला आणि आत कट् असा आवाज झाला. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, मग पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो. वर विमावाले सांगतात की हे पुराचं नुकसान नव्हे, तुम्ही चालू करायला गेलात म्हणून झालेलं. इंजिन प्रोटेक्शनचं जादा कव्हर असेल तरच बोलणी पुढे सरकतात. गाडीचा फोटो पाण्याच्या खुणेसकट काढायचा, ऑइलची पट्टी ओढून बघायची (ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय), आणि सपाट पाठीच्या टो-ट्रकवर चढवून गॅरेजला पाठवायची. दोरीने ओढत नेऊ नये, ऑटोमॅटिक तर मुळीच नाही.

आणि हो, टॉर्च. पूर ओसरल्यावर गाडीखाली मगर नाही ना, हे आधी टॉर्च मारून बघायचं, मग दार उघडायचं. बाहेरगावच्या लोकांना ही थाप वाटते.

अलकापुरीतून, वर जोडून

गरनाळ्यात (रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यात) पाणी भरलेलं असताना गाडी घालणारे दर वर्षी दिसतात, म्हणून लिहिते. काच फोडायची हातोडी आणि पट्टा कापायचं पातं असं एकत्र मिळतं, ते ड्रायव्हरच्या हाताशी हवं. डिकीत ठेवलेलं निरुपयोगी. समोरची काच फुटत नाही, ती दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा थर घालून केलेली असते. बाजूच्या काचेचा कोपरा गाठायचा, मधोमध मारायचं नाही. घेण्याआधी गाडीच्या माहितीपुस्तकात बघा, काही नव्या गाड्यांच्या बाजूच्या काचाही तशाच थराच्या येऊ लागल्यात. तिथे ही हातोडी चालणार नाही.

रावपुरा, निवृत्त

माझं आयुष्य विजेच्या कामात गेलं, तेव्हा मी मल्टिमीटरचीच बाजू घेणार. पाच-सहाशे रुपयांत बरा मिळतो आणि बॅटरीवाल्याच्या दुकानात तुमची मान ताठ ठेवतो.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॅटरीची दोन टोकं मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे आज उद्या दगा देणार. आता इंजिन चालू करून मोजा. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आलं तर अल्टरनेटर (चालत्या इंजिनावर बॅटरी चार्ज करणारं यंत्र) काम करतोय. अगदी नव्या गाड्यांत हा आकडा मुद्दाम कमीजास्त केला जातो, तिथे लगेच घाबरू नये. इंजिन चालू असूनही १२ च्याच आसपास रेंगाळत असेल तर नवी बॅटरी घेऊन काही होणार नाही, कारण चार्जिंगच होत नाहीये. आमच्या भागातल्या एका दुकानदाराने माझ्या भाच्याला याच दुखण्यावर दुसरी बॅटरी विकायचं ठरवलं होतं. मीटर लावून दाखवल्यावर ते चहा मागवायला लागले.

बॅटरी थंडीत मरते असं लोक म्हणतात. थंडीत ती फक्त उघडी पडते, मारलेली असते उन्हाळ्याने. आपल्याकडे ४२-४३ अंशांत बॉनेटखाली काय होत असेल, विचार करा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरली की गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासायची, कोरडं करून व्हॅसलीन लावायचं.

जंपर केबल घेताना वजन बघा. स्वस्त केबल बाहेरून जाड असते, आत तांब्याच्या चार तारा. लावायचा क्रम: लाल चिमटा आधी मेलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळा चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि काळ्याचं शेवटचं टोक मेलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून. काढताना बरोबर उलट.

दांडिया बाजार, स्कूटरवाली

इथे सगळे चारचाकीवाले दिसताहेत. माझी वस्तू म्हणजे उत्तरायणाची, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांतली सळई. बाहेरच्यांसाठी: स्कूटरच्या दोन्ही आरशांच्या बुडाशी अडकवायची उलट्या यू आकाराची लोखंडी सळई, चालवणाऱ्याच्या डोक्याच्या वर जाईल एवढी. वरून आलेला पतंगाचा मांजा गळ्यापर्यंत पोहोचण्याआधी तिच्यावर अडतो. डिसेंबरच्या शेवटापासून चौकाचौकात विकायला बसतात, जागेवर लावूनही देतात. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली, तरी तो येतोच.

घेताना उंची बघा. हेल्मेट घातल्यावर डोक्याच्या वर निदान वीतभर सळई हवी. पुष्कळ जण बुटकी सळई लावून निर्धास्त असतात. नट पक्के आवळा, नाहीतर ती खड्ड्यात पुढे झुकते. १६ जानेवारीला लगेच काढू नका, झाडांवर अडकलेले दोरे आठवडाभर उतरत राहतात.

तरसाळी, बाइक

ताईंशी सहमत. सळईच्या जोडीला गळ्याभोवती जाड कापडी पट्टा घाला, कारण दोरा बाजूनेही येतो. उड्डाणपुलावर वेग कमी.

चेनवर गंज सोडवायचा स्प्रे मारून तेच वंगण समजणाऱ्यांनी थांबावं. त्याने मळ निघतो, पण तो उडून जातो आणि चेन कोरडी पडते. आधी रॉकेल किंवा क्लीनरने धुवा, पुसा, मग चेन ल्यूब किंवा ९० नंबरचं गिअर ऑइल, आतल्या बाजूने, आणि रात्रभर राहू द्या.

गोत्री

उंदीर. आमच्या मागे मोकळं रान आहे, पावसात तिथल्या बिळांत पाणी गेलं की उंदीर सरळ गरम इंजिनाकडे येतात. केलेले प्रयोग: तंबाखूची पानं (थोडे दिवस वास टिकतो, मग नाही), डांबरगोळ्या (एसीतून तो वास आपल्यालाच येतो, डोकं दुखतं), आवाजाचं यंत्र (सुरुवातीला शांतता, नंतर उंदीर त्याच्याच शेजारी झोपलेला). खरा फरक दोन गोष्टींनी पडला. एक, एसीच्या हवा घेण्याच्या तोंडावर बारीक स्टीलची जाळी. दोन, उंदराने एकदा जिथे वस्ती केली तिथे त्याच्या मुताचा वास राहतो आणि तोच पुढच्याला बोलावतो, म्हणून इंजिनाचा तो भाग नीट धुऊन घेणं. मिरचीतल्या तिखट द्रव्याची टेप मिळते, होंडा स्वतः विकते. ती मी फक्त मुख्य वायरिंगवर गुंडाळली आहे, महाग पडते. आणि गाडीत शेव, चिवड्याचं पाकीट विसरू नका. बडोद्यात हे सांगणं कठीण आहे, तरी सांगतो.

मकरपुरा जीआयडीसी

ओबीडी डाँगल, म्हणजे गाडीच्या कंप्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारी डबी. २०१३ नंतरच्या जवळपास सगळ्या गाड्यांत स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं, त्यात लावायचं आणि मोबाइलवर कोड वाचायचा. चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला की मिस्त्री ‘सेन्सर गेलाय’ म्हणतो. कोणता, हे विचारण्याची ताकद या डबीने येते. पी०३०१ आला तर पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे इंधन नीट पेटत नाहीये: आधी प्लग आणि त्याला ठिणगीची वीज देणारी कॉइल बघायची. कॉइल दुसऱ्या सिलिंडरला बदलून लावा. कोडचा शेवटचा आकडा तिच्याबरोबर सरकला, तर दोषी तीच.

कोड पुसणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. आणि डबी कायम लावून ठेवू नका, गाडी बंद असतानाही ती थोडा करंट ओढते. रावपुऱ्याच्या काकांचा मीटर पुन्हा बाहेर काढावा लागेल.

वाघोडिया रोड, सीएनजीची टॅक्सी

आमची गाडी रोज धावते, त्यामुळे शोभेचं काही ठेवत नाही. साबणाच्या पाण्याची स्प्रे बाटली. गॅसचा वास आला की जोडांवर मारायचं, बुडबुडे आले की तिथे गळती. स्वतः आवळायचं नाही, इंजिन बंद करून व्हॉल्व्ह बंद करायचा आणि अधिकृत माणसाकडे. टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने मजबुतीची तपासणी) दर तीन वर्षांनी असते, टाकीच्या पट्टीवरची तारीख बघत जा. जुनी गाडी विकत घेताना तर आधी तीच. १ किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक ड्रायव्हरच्या सीटखाली पट्ट्याने बांधलेलं. काटा हिरव्यात आहे का ते गाडी धुताना बघतो.

जॅकसाठी डिकीत वीतभर लांबीची जाड फळी ठेवा. पावसात रस्त्याची कड भुसभुशीत होते, फळी नसेल तर गाडीऐवजी जॅकच खाली जातो. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे आणि पलीकडच्या चाकाला दगड लावायचा. गाडीबरोबर आलेला आखूड पाना घरी ठेवा, चार टोकांचा घ्या, पायाने दाबता येतो.

फतेगंज

उलटी यादी देतो, काय घेऊ नये त्याची. लोखंडी बंपर गार्ड: केंद्राने २०१७ च्या डिसेंबरात मनाई केली आहे. आपटल्यावर चेपण्यासाठी केलेला भाग त्याने चेपत नाही, एअरबॅगच्या सेन्सरचं गणितही बिघडतं. काळी फिल्म: २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतरही लावतात आणि दंड भरतात. पेट्रोल वाचवणारी सॉकेटमधली डबी: आत एक दिवा असतो, तो लागतो. पट्टा न लावता गजर बंद करायला सीटबेल्टच्या खाचेत घालायची नुसती चकती: हिच्यावर काय बोलावं.

घरचं कव्हर मात्र चांगलं घ्या, पण धुळीच्या गाडीवर घालू नका, कापड आणि धूळ मिळून रंग घासला जातो. कबुतराची आणि वडाखालच्या पाखरांची विष्ठा उन्हात वाळायच्या आत ओल्या फडक्याने भिजवून उचलायची, खरवडायची नाही. ती आम्लधर्मी असते, वार्निशवर डाग पडतो तो कायमचा.

निझामपुरा, विचारतेय

डॅशकॅम (काचेमागे लावायचा, रस्ता टिपणारा कॅमेरा) घ्यायचा आहे. उन्हात गाडी उभी असते, टिकेल का? आणि पार्किंगमध्येही चालू राहतो का?

मकरपुरा जीआयडीसी

ताई, आत बॅटरीऐवजी कपॅसिटर असलेला घ्या. लिथियम बॅटरी काचेमागच्या उष्णतेत फुगते. कार्ड ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेलं हवं, साधं कार्ड सतत लिहिण्याने लवकर मरतं. पार्किंगसाठी हार्डवायर किट (कॅमेरा थेट गाडीच्या वायरिंगला जोडायचा संच) लागतो. त्यात व्होल्टेज कटऑफ असतो, म्हणजे बॅटरी त्या आकड्याखाली उतरली की कॅमेरा बंद; तो १२.२ च्या वर ठेवा, नाहीतर सकाळी जंपर केबल. बसवल्यावर धक्क्याची संवेदनशीलता सगळ्यात कमी करा. आपल्या रस्त्यांवर प्रत्येक खड्डा त्याला अपघात वाटतो, ती प्रत्येक क्लिप तो जपून ठेवतो, आणि कार्ड खड्ड्यांनीच भरून जातं.