स्कॉटलंडमध्ये हेल्थ अँड सेफ्टीची सरकारी वकिली, कुणाला अनुभव आहे का?

ठाण्याची_वकील

नमस्कार मंडळी, थोडं मोठं लिहितेय, समजून घ्या. मी ठाण्यात सात वर्षं लेबर कोर्ट आणि फॅक्टरीज ॲक्टच्या केसेस करतेय, बहुतेक कामगारांच्या बाजूनेच. नवऱ्याची बदली ॲबर्डीनला झालीय, जूनमध्ये निघतोय आम्ही, आणि मला घरी बसायचं नाहीये. तिकडे हेल्थ अँड सेफ्टीच्या कायद्यासाठी सरकारचे वकील असतात का, असतील तर ते नक्की कुणासाठी काम करतात आणि आपल्याकडची डिग्री चालते का, एवढं सांगा.

हेच काम का हवंय तेही सांगते. तीन वर्षांपूर्वी एका वर्कशॉपमध्ये प्रेस मशीनवर एका पोराची चार बोटं गेली. गार्ड काढून ठेवला होता, सगळ्यांना माहीत होतं. पण फॅक्टरीज ॲक्टखाली तक्रार इन्स्पेक्टरनेच किंवा त्याच्या लेखी मंजुरीनेच करायची, तीही त्याला कळल्यापासून तीन महिन्यांच्या आत, आणि ती मुदत टळून गेली. केस तिथेच संपली. त्याची आई मला विचारत होती, वकीलबाई पुढची तारीख कधी, आणि मला तिला सांगावं लागलं की तारीखच नाही. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही.

ग्रॅनाइट_सिटी

ॲबर्डीनमध्ये स्वागत! मी वकील नाही, ऑफशोअर सेफ्टी इंजिनियर आहे, म्हणजे समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवरची सुरक्षा बघतो, इथे चौदा वर्षं झाली. वकिलांचा संबंध येतो तो एचएसईचा (हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह, कामाच्या जागची सुरक्षा बघणारी सरकारी संस्था) इन्स्पेक्टर हेलिकॉप्टरने प्लॅटफॉर्मवर येऊन नोटीस देतो तेव्हा. इम्प्रूव्हमेंट नोटीस म्हणजे अमुक तारखेपर्यंत सुधारा, प्रोहिबिशन नोटीस म्हणजे आत्ताच थांबवा. कंपनीला मान्य नसेल तर २१ दिवसांत एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलमध्ये अपील, आणि तिथे इन्स्पेक्टरच्या बाजूने वकील उभा राहतो. शेव्हरॉन या तेल कंपनीची केस नक्की वाचा. कॅप्टन प्लॅटफॉर्मवर हेलिडेककडे जाणाऱ्या जिन्यांच्या जाळ्या गंजलेल्या दिसल्या म्हणून २०१३ ला इन्स्पेक्टरने प्रोहिबिशन नोटीस दिली, नंतर कंपनीने ते लोखंड काढून टेस्ट केलं तर एक तुकडा सोडून बाकी सगळं पास. मग प्रश्न आला की नोटिशीनंतर हाती आलेला पुरावा ट्रायब्युनलने बघायचा की नाही. २०१८ ला लंडनच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बघायचा, आणि इन्स्पेक्टर हरला. माझं मत विचाराल तर त्या दिवशी समोर जे दिसलं त्यावर त्याने केलं ते बरोबरच होतं, गंजलेल्या जिन्यावर पाय ठेवायची वेळ माझ्यावर आली असती तर मी त्याचे आभारच मानले असते.

आणि इथे आलात की हेझलहेड पार्कमध्ये एकदा जाऊन या. गुलाबांच्या बागेत पायपर अल्फाचं स्मारक आहे, तेलाचा प्लॅटफॉर्म होता तो, स्फोट होऊन जळाला. ६ जुलै १९८८, १६७ माणसं गेली. त्यानंतर लॉर्ड कलन या न्यायाधीशांच्या चौकशीतून १०६ शिफारशी आल्या आणि ऑफशोअर सेफ्टीचं काम एनर्जी खात्याकडून काढून एचएसईकडे दिलं, कारण तेल काढा म्हणणाऱ्यानेच सेफ्टी बघायची हे चालणारं नव्हतं. आमच्या इंडक्शनमध्ये अजून त्या रात्रीची गोष्ट सांगतात.

फोर्थ_पलीकडची

ताई, तुमचं वाचून राहवलं नाही म्हणून लॉगिन केलं, एरवी मी फक्त वाचते. मी फिस्कल आहे, म्हणजे प्रोक्युरेटर फिस्कल डेप्युट, इथली सरकारी वकील, कामाच्या जागी झालेल्या मृत्यूंच्या केसेस बघते. ऑफिसच्या केसेसबद्दल इथे काहीच लिहिणार नाही, जे लिहितेय ते सगळं जाहीर आहे.

पहिली गोष्ट जी इंग्लंडहून आलेल्यांनाही कळायला वेळ लागतो. कायदा एकच, १९७४ चा हेल्थ अँड सेफ्टी ॲट वर्क ॲक्ट, तो वेस्टमिन्स्टरचा आणि इथेही लागू. पण इंग्लंडमध्ये एचएसई स्वतः खटला भरते, इथे तसं नाही. इथे इन्स्पेक्टर तपास करतो, रिपोर्ट लिहितो आणि तो क्राउन ऑफिसकडे, म्हणजे आमच्या सरकारी वकिलांच्या खात्याकडे, पाठवतो. खटला भरायचा की नाही, कुणावर, कोणत्या कलमाखाली, हे आम्ही लॉर्ड ॲडव्होकेटच्या (खात्याचे प्रमुख) अधिकाराखाली ठरवतो. म्हणजे तुमच्या ठाण्याच्या नेमकं उलटं, तिथे इन्स्पेक्टरशिवाय कोर्ट केसला हातच लावत नाही आणि इथे इन्स्पेक्टर कोर्टात साक्षीदार म्हणून येतो. रेल्वेचं असेल तर एचएसईच्या जागी रेल्वेचा रेग्युलेटर आणि पोलिस, छोट्या दुकानांचं-गोदामांचं असेल तर कौन्सिल, पण शेवटी फाइल आमच्याकडेच.

मुदतीचं म्हणाल तर मोठ्या केसेस ज्युरीसमोर चालतात, पंधरा जणांची ज्युरी असते इथे, आणि तिथे तीन महिन्यांचं बंधन नाही. लार्कहॉलची केस बघा. २२ डिसेंबर १९९९ ला गॅसचा स्फोट झाला, एक अख्खं कुटुंब गेलं, आईवडील आणि दोन मुलं. रस्त्याखालचा लोखंडी पाइप गंजलेला होता. पाइप ज्यांचा त्या ट्रान्सको कंपनीवर आधी कल्पेबल होमिसाइड (सदोष मनुष्यवध) लावलं होतं, ते २००३ ला अपील कोर्टाने उडवलं, कारण एवढ्या मोठ्या कंपनीत दोषी मन नक्की कुणाचं ते दाखवता येत नव्हतं, पाच जणांच्या अर्ध्या-अर्ध्या माहितीची बेरीज करून एक मन तयार करता येत नाही असं कोर्टाचं म्हणणं. मग १९७४ च्या ॲक्टचं कलम ३ (आपल्या कामाने बाहेरच्या लोकांना धोका होऊ द्यायचा नाही) घेऊन खटला चालला आणि २००५ ला दीड कोटी पाउंड दंड झाला. पाइपांच्या नोंदी नीट ठेवल्या नव्हत्या हा आरोपातला मोठा भाग होता.

आमचं काम ते हेच आहे, नोंदी वाचणं. टीव्हीवर दाखवतात तसं कोर्टातलं भाषण वर्षातून मोजक्या वेळा, बाकी मेंटेनन्स लॉग, रिस्क असेसमेंट, परमिट, ट्रेनिंगचे कागद, कुणी सही केली, कधी केली, सही करताना त्याने ते यंत्र बघितलं होतं का. ग्लासगोच्या मेरीहिलमधला स्टॉकलाइनचा कारखाना ११ मे २००४ ला कोसळला, नऊ माणसं गेली, तिथेही जमिनीखाली गाडला गेलेला गॅसचा पाइपच होता, गंजलेला, वर्षानुवर्षं कुणी उकरून न बघितलेला. असं वाचत बसलं की कळतं की बहुतेक मृत्यू त्या दिवशी घडलेले नसतात, ते दहा-वीस वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी कागदावर सुरू झालेले असतात.

शिवाय स्कॉट्स लॉमध्ये कॉरोबरेशन लागतं, गुन्ह्याच्या प्रत्येक मूळ मुद्द्याला दोन वेगळ्या ठिकाणचा पुरावा हवा, एकट्या इन्स्पेक्टरच्या शब्दावर भागत नाही. त्या बदल्यात १९७४ च्याच ॲक्टचं कलम ४० आहे, जे शक्य होतं ते सगळं केलं हे कंपनीनेच सिद्ध करायचं. तुम्हाला हे ओळखीचं वाटेल, फॅक्टरीज ॲक्टच्या १०४अ मध्ये तेच होतं ना, भोपाळनंतर १९८७ ला घातलेलं.

आणि घरचे लोक. इथे इंग्लंडसारखा कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी, नसतो. कामावर असताना माणूस गेला की फेटल ॲक्सिडेंट इन्क्वायरी कायद्यानेच सक्तीची, आता २०१६ च्या ॲक्टखाली (खटल्यातच सगळं बाहेर आलं असेल तर लॉर्ड ॲडव्होकेट ती माफ करू शकतात). ती शेरीफसमोर चालते, शेरीफ म्हणजे इथला न्यायाधीश, आणि पुरावा आम्ही मांडतो. तिथे दोष कुणाचा हे ठरवत नाहीत, काय झालं आणि काय केलं असतं तर टळलं असतं ते शोधतात. पण वेळ फार लागतो हो. १ एप्रिल २००९ ला सुपर प्यूमा हेलिकॉप्टर पडलं, सोळा जण गेले, त्याची इन्क्वायरी २०१४ मध्ये झाली. पाच वर्षं त्या घरांनी काय केलं असेल? हे मला बरोबर वाटत नाही आणि आमच्यातही पुष्कळांना वाटत नाही. प्रत्येक घराला वेळोवेळी फोन करणं, काही नवीन नसलं तरी नवीन नाही एवढं सांगणं, हे मी कधीच टाळत नाही. तुम्हाला त्या आईला तारीख नाही म्हणून सांगावं लागलं ना, तसे फोन इथेही येतील, त्याची तयारी ठेवा.

डिप्लोमावाला

क्वालिफिकेशनचं मी सांगतो, ग्लासगोत वकिलीचा डिप्लोमा चालू आहे माझा. लंडनची एसक्यूई, म्हणजे इंग्लंडमध्ये सॉलिसिटर व्हायची, परीक्षा करून इथे भागत नाही, स्कॉटलंडची कायदापद्धती वेगळी. नेहमीचा रस्ता म्हणजे स्कॉट्स लॉची एलएलबी, ग्रॅज्युएट असाल तर दोन वर्षांतही होते, मग एक वर्षाचा डिप्लोमा, मग दोन वर्षांची ट्रेनीशिप, ती क्राउन ऑफिसमध्येही मिळते पण स्पर्धा असते. तुम्ही आधीच वकील आहात तर लॉ सोसायटी ऑफ स्कॉटलंडकडे (इथल्या सॉलिसिटरांची संस्था) बाहेरच्या वकिलांसाठी वेगळी परीक्षा आहे, आधी तिथे पात्रता तपासून घ्या, एलएलबीची फी भरायच्या आधी प्लीज, मी एका मैत्रिणीला विनाकारण दोन वर्षं घालवताना बघितलंय. नागरिकत्वाची काळजी करू नका, भारत कॉमनवेल्थमध्ये आहे त्यामुळे सिव्हिल सर्व्हिसच्या बहुतेक जागांना अर्ज चालतो, फक्त कामाची परवानगी असलेला व्हिसा हवा.

ठाण्याची_वकील

किती सविस्तर लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. १०४अ वाचून तर अंगावर काटाच आला, तेच कलम मी ठाण्यात वाचून दाखवायचे. एक शंका, कंपनीने गुन्हा कबूल केला तर घरच्यांना काहीच ऐकायला मिळत नाही का? आणि परीक्षा होईपर्यंत मी काय करू?

फोर्थ_पलीकडची

मिळतं. कबुली दिली तरी काय घडलं ते आम्ही कोर्टात सविस्तर वाचून दाखवतो. १२ ऑगस्ट २०२० ला स्टोनहेवनजवळ कार्मोंटला ट्रेन घसरली, पावसाने ड्रेनमधले दगड रुळावर आले होते, तिघं गेले. रूळ सांभाळणाऱ्या नेटवर्क रेलने गुन्हा कबूल केला, ॲबर्डीनला २०२३ मध्ये शिक्षा झाली, दंड एक कोटीवरून ६७ लाख पाउंडांवर आला तो कबुलीमुळेच. घरच्यांना ही सूट नेहमी बोचते, आणि त्यांना ती आधी समजावून सांगणं हेही आमचंच काम, कोर्टात पहिल्यांदा कळता कामा नये.

परीक्षा होईपर्यंत ॲबर्डीनच्या शेरीफ कोर्टात जाऊन बसा. फेटल ॲक्सिडेंट इन्क्वायरी उघड्या कोर्टात चालते, कुणीही मागे बसून ऐकू शकतं. वही घेऊन जा. आणि क्राउन ऑफिसमध्ये वकील नसलेल्यांच्याही जागा निघतात, केस तयार करायच्या, घरच्यांना माहिती द्यायच्या. माहिती देण्याचं काम तुम्ही फार चांगलं कराल असं मला वाटतं. जूनमध्ये आलात की इथे मेसेज टाका, मी एडिनबराहून ट्रेनने येईन, अडीच तास तर लागतात, आपण दोघी जाऊ कोर्टात.

ग्रॅनाइट_सिटी

मलाही सांगा, त्या दिवशी किनाऱ्यावर असलो तर मीही येतो. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात मी उभा राहिलोय, मागच्या बाकावरून कधी ऐकलं नाही.