बॉल बदलायचा तर बॉलिंग टीमच्या कॅप्टनला विचारायला नको का?

ठाणेकर ऑफस्पिनर:
२०२५ ची भारत-इंग्लंड लॉर्ड्स टेस्ट आठवा. दुसऱ्या दिवशी सकाळी बुमराहने स्टोक्स, रूट, वोक्स पटापट काढले आणि १०.३ ओव्हरमध्येच दुसरा नवा बॉल आकार तपासायच्या रिंगमधून जाईना म्हणून बदलला. जो आला तो दिसायलाच कितीतरी जुना, आपला कॅप्टन गिल अंपायरशी वाद घालत राहिला, आणि मग इंग्लंडच्या स्मिथ-कार्सने ८४ ची पार्टनरशिप केली. नियम म्हणतो तेवढाच झिजलेला बॉल द्या, पण पेटीत तसा नसेलच तर? अशा वेळी जुनाच ठेवायची मुभा कॅप्टनला पाहिजे.

नेरूळकर:
अजिबात नाही पटलं. बॉल बदला म्हणून मागे कोण लागलं होतं? आपणच ना? मग मिळाला तो घ्यायचा. मुभा दिली की विकेट पडेनाशी झाली रे झाली, बॉल तपासा म्हणत सगळे अंपायरकडे धावणार आणि बदली आवडला नाही तर परत करणार, आधीच दिवसाच्या ९० ओव्हर होत नाहीत.

कळवा नाका:
आणि बॅट्समनचं काय? २०२३ ची इंग्लंड-ऑस्ट्रेलिया ओव्हल टेस्ट बघ, इंग्लंडच्या वूडचा बाउन्सर ख्वाजाच्या हेल्मेटवर लागला, बॉल बदलला आणि आलेला चांगलाच नवा दिसत होता. ३८४ चेस करताना बिनबाद १३५ वर असलेली ऑस्ट्रेलिया ४९ रन्सनी हरली. तिथे इंग्लंडचा कॅप्टन स्टोक्स जुना ठेवा म्हणाला असता का?

ठाणेकर ऑफस्पिनर:
ओव्हलचा मुद्दा मान्य, मी फक्त बॉलरच्या बाजूने बघत होतो. पण आमच्या मॅचला बॉल नाल्यात गेला, अंपायरने पिशवीतून दुसरा काढला, शिवण पार बसलेली, बोटाला काही लागेचना. पंधरा ओव्हर घासून तयार केलेला बॉल होता रे तो. पुढच्या दोन ओव्हरमध्ये २६ गेले. त्या वेळी मला कोणी विचारलं?

वाशी सेक्टर १७:
मी रविवारी अंपायरिंग करतो. बॉल हरवला तर जुना ठेवायचा प्रश्नच येत नाही, दुसरा द्यावाच लागतो. खरी भानगड पिशवीत आहे, आमच्याकडे चार बॉल असतात, त्यातले तीन एकाच वयाचे. दहा, वीस, चाळीस ओव्हरचे वेगवेगळे ठेवा आणि टॉसआधी दोन्ही कॅप्टनना दाखवा. मैदानात मात्र निवडणार अंपायरच.

नेरूळकर:
हे चालेल. पण एकदा दिला की दिला, परत मागायचा नाही.

ठाणेकर ऑफस्पिनर:
तिथेच माझं अडतं. लॉर्ड्सला तो बदलीसुद्धा ४८ बॉलनंतर बदलावाच लागला ना!