मदत हवी आहे: १९६१ ची मुंबई, व्हॉल्व्हचा संगणक आणि एक खून

नमस्कार मंडळी,

मी आणि माझी मामेबहीण मिळून एक कॉमिक करतोय. लेखन माझं, चित्रं तिची, छपाई स्वखर्चाने. खुनाची काळीकुट्ट रहस्यकथा आहे, पण वळण जुन्या विज्ञानकथांचं: छिद्रं पाडलेल्या कागदी पट्ट्या, भिंतभर लुकलुकणारे दिवे, आणि गणितज्ञ मेल्यावरही त्याने घातलेलं गणित रात्रभर सोडवत राहणारं यंत्र.

काळ जुलै १९६१. १२ तारखेला पानशेत फुटलं आणि वर्तमानपत्रं पुण्याच्या पुराने भरून गेली. त्यामुळे कुलाब्यातल्या एका काल्पनिक संस्थेतल्या खुनाला आतल्या पानावर जेमतेम चार ओळी मिळतात.

यंत्र टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) ‘टिफरॅक’ या संगणकावर बेतलंय. तो १९६० साली चालू झाला. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या निर्वात नळ्या) आणि १,७०० जर्मेनियम डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे छोटे भाग) होते. आमचा खुनी रात्री यंत्राच्या खोलीतला एसी बंद करतो आणि पहाटे पुन्हा लावतो. मधल्या वेळात खोली तापते, प्रेत सावकाश थंड होतं, आणि मृत्यू झाला त्याहून बराच उशिरा झाला असं डॉक्टरांना वाटतं. त्या उशिराच्या वेळी खुनी दादरला चारचौघांत बसलेला असतो. एका व्हॉल्व्हच्या फिलामेंटला दोन वॅट धरले तरी एकूण पाच किलोवॅटच्या वर जातात, तेव्हा खोली तापणार हे नक्की. पण एसीशिवाय यंत्र चालू राहील का? ते बंद पडलं तर आमची कथाच कोसळते.

इतकं खोदून विचारतोय कारण रहस्यकथेत गुन्हेगार ओळखायची खरी संधी वाचकाला मिळायलाच हवी. विज्ञानकथा त्यात मिसळली की लेखकाला शेवटच्या पानावर एखादं नवं किरणयंत्र काढून सुटता येतं, आणि वाचकाने तोवर लढवलेलं डोकं फुकट जातं. आमचं यंत्र भविष्य सांगत नाही. पट्टीवरून आत गेलं तेवढंच त्याला कळतं. हे तिसऱ्याच पानावर चित्रातून दाखवलंय आणि पुढे तो नियम मोडायचा नाही.

शिवाय ट्राम. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली, म्हणजे आमच्या कथेत ती हवीच. १९६१ मध्ये कोणते मार्ग उरले होते? कुणाच्या घरी दादरच्या खोदादाद सर्कलचा त्या काळातला फोटो असेल तर बहिणीचं एक अख्खं पान मार्गी लागेल.

प्रतिसाद

व्हॉल्व्हच्या उपकरणांची दुरुस्ती मी बरीच वर्षं केली आहे. यंत्र लगेच बंद पडणार नाही. व्हॉल्व्ह उष्णता सोसतात, जर्मेनियम सोसत नाही. तापमान दहाएक अंशांनी चढलं की त्या डायोडमधली उलट्या दिशेची विजेची गळती साधारण दुप्पट होते. त्यामुळे यंत्र चालू राहील, पण चुकायला लागेल, आणि तेही मधूनमधून. पट्टीवर आधी बरोबर आकडे येतील आणि मग एका जागेपासून विस्कटायला लागतील. ती जागा तुमच्या इन्स्पेक्टरला सापडू द्या.

धागाकर्ता

काका, मनापासून आभार! हाच दुवा आम्हाला सापडत नव्हता. गणित कधी सुरू केलं ते लॉगबुकात असणार, आणि एकेका टप्प्याला किती वेळ लागतो ते ऑपरेटरला ठाऊक असतं. म्हणजे पहिल्या चुकीपासून मागे मोजत गेलं की खोली कधी तापायला लागली ते निघेल. चुका सुरू झालेली पट्टी आता अकराव्या पानावर उघड दाखवणार आहोत, म्हणजे वाचकालाही मोजता येईल.

आता अडलंय कॉरोनरच्या कोर्टाचं पान. मुंबईत तेव्हा संशयास्पद मृत्यूची चौकशी कॉरोनरपुढे व्हायची. डॉक्टर साक्ष द्यायला कुठे उभे राहत, नातेवाईक कुठे बसत, हे कुणी पाहिलं असेल किंवा घरातल्या थोरांकडून ऐकलं असेल तर कृपया लिहा. वहीच्या पानावर काढलेला कच्चा नकाशाही चालेल.